लांब शब्दांचं घर

त्या घरात लहान शब्दांना कधी मान मिळालाच नाही. 'गो', 'कम', 'बिग', 'स्मॉल' म्हणजे किरकोळ माणसं. आली काय नि गेली काय, कुणी खुर्ची पुढे करत नसे. मान होता तो लांब शब्दांना. त्यातही इंग्रजीतल्या त्या लांबलचक क्रियाविशेषणांना, ज्यांच्या मागे एकाला एक जोडून दोन-दोन, तीन-तीन शेपटं लागलेली असतात. आणि हे सगळं ज्यांच्यापायी, त्या गृहस्थांना घरात सगळे 'सर' म्हणत. बाहेरच्यांनी म्हटलं तर नवल नाही, पण बायकोही चारचौघांत सर म्हणे, मुलगा सर म्हणे, आणि धाकटी लेक तर 'बाबा' म्हणायच्या आधी 'सल' म्हणायला शिकली.

सरांचा उच्चारांचा वर्ग घरातल्याच पुढच्या खोलीत भरायचा. मुलाखतीला निघालेले कारकून, हॉटेलच्या काउंटरवर बसणाऱ्या मुली, परदेशी निघालेल्या नर्सा, असे सगळे यायचे. खाली दाराशी सायकली एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, आत बाकांवर दाटीवाटी, फळ्यापुढे खडूच्या धुरळ्यात सर. आणि मागच्या खोलीत अभ्यास करणारी दोन पोरं, ज्यांच्या कानावर हे सगळं फुकटात पडत होतं. फुकटात म्हणजे काय, सुटका नव्हती म्हणून!

सरांची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. ते शब्द तोंडाने म्हणायच्या आधी टेबलावर वाजवून दाखवत. हलक्या अक्षराला बोटाचं टोक, जोराच्या अक्षराला तळवा. "शब्दाची चाल आधी हातात येऊ दे," ते म्हणत, "जिभेचं मग बघू. जीभ काय, हाताच्या मागोमाग येते." एन्थुझिॲस्टिकली म्हणजे टिक टिक टिक धप टिक टिक. ऑटोमॅटिकली म्हणजे टिक टिक धप टिक टिक. अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला की खालचा दुकानदार काठीने छताला ठोकायचा. सर म्हणायचे, "बघा, त्यालासुद्धा जोर कुठे द्यायचा ते कळायला लागलं."

आणि शेपटांची तर त्यांनी सोयरीकच लावून ठेवली होती. "'ली' हे गरीब शेपूट," ते सांगत. "येतं, कोपऱ्यात बसतं, कुणाला ऊठ म्हणत नाही. केअरफुल होता, केअरफुली झाला. जोर होता तिथेच. पण 'इक' म्हणजे जावई! एनर्जी या शब्दात जोर पहिल्या 'ए'वर पाय पसरून बसलेला असतो. जावई दारात दिसला की त्याने मुकाट्याने उठायचं आणि जावयाच्या अगदी शेजारी येऊन बसायचं. एनर्जेटिक. 'जे'वर जोर. मग मागून ली येऊ दे नाहीतर तिचं सगळं माहेर येऊ दे, जोर तिथून तसूभर हलायचा नाही. एनर्जेटिकली. आणि मधला तो 'अल', तो फोटोत आहे, जेवायला नाही. लिहायचा, पण बोलायचा नाही. इथे कुणी 'टिकॅली' म्हणालं तर मी त्याला जिन्यात उभं करीन."

स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "तुम्ही जावई होऊन आलात तेव्हा तुमच्या शेजारी येऊन बसायला कुणी तयार नव्हतं, ते सांगा की पोरांना!" वर्ग खो खो हसायचा. सरही हसायचे, पण फळ्याकडे तोंड करून.

जेवणाच्या टेबलावर खेळ चालायचा. सर ताटाशेजारी एखादा शब्द वाजवत आणि पोरांनी तो ओळखायचा. जिंकेल त्याला भांडी माफ. थोरला चलाख, अंदाजपंचे ठोकून द्यायचा. धाकटी मात्र डोळे मिटून ऐकायची. एकदा तिने 'अपॉलजेटिकली' बरोबर ओळखला तेव्हा सर घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले होते. त्या दिवशी तिला जे वाटलं होतं, तसं पुढे परीक्षेच्या निकालांनीही कधी वाटलं नाही. काय दिवस होते ते! मोठ्या दिव्याखाली चौघं जण, टेबलावर बोटांचा ताशा आणि रस्सा निवून गेलेला.

पण एक सल होताच, तो लपवण्यात अर्थ नाही. सरांनी तिच्याशी साधे, लहान शब्द कधी बोललेच नाहीत. शिकवलं भरपूर, चुका काढल्या त्याहून भरपूर. ती नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडून निघाली तेव्हा आई रडत होती, थोरला बॅग उचलत होता आणि सर म्हणाले काय? तर म्हणाले, "काल तू फोनवर 'टेम्पररिली' म्हणालीस, त्यातली दोन अक्षरं गिळलीस." आता सांगा, लेक गाव सोडतेय आणि बापाला अक्षरं दिसतायत! 'जपून राहा' म्हणायला काय जात होतं? ती बसमध्ये खिडकीशी बसून रडली होती, आणि रडता रडता 'टेम्पररिली' नीट म्हणूनही पाहिला होता.

आता धाकटी पन्नाशी ओलांडलेली. दुसऱ्या गावात एका चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांची नाकं, कानामागचे खड्डे, डोळ्यांमधलं अंतर यांत तिचा दिवस जातो. दुकानाच्या मालकीणबाई तोंडाने फटकळ पण मनाने चांगल्या. त्या दुकानातच तिला आईचा फोन आला. सरांना झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती.

ती आली तेव्हा पुढच्या खोलीतले बाक भिंतीला लावून तिथे पलंग टाकला होता. सर उशीला टेकून बसले होते. त्यांनी तिला ओळखलं, डोळे भरून आले, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. ज्या माणसाच्या बोलण्याला सगळं गाव दबकून असायचं, त्याची ही गत!

दवाखान्याकडून बोलायला शिकवणारी एक बाई यायची. आईने तिचं नाव ठेवलं बोलबाई. गोड मुलगी, चिकाटीची. चित्रं दाखवायची: कप, घर, पाणी. "म्हणा सर, पा… पा…" सर तोंड फिरवायचे. बोलबाई पुन्हा समोर यायची, सर पुन्हा फिरायचे. आठवडे गेले तरी 'पा' काही फुटेना. आईने तर हातच टेकले.

आणि मग एका दुपारी, जेवण उरकून धाकटी पलंगाशेजारच्या टेबलाशी बसली होती. डोक्यात दुसरंच काहीतरी होतं आणि बोटं आपली जुन्या खोडीने चालली होती. टिक टिक टिक… तिचा हात तिथेच थांबला. का थांबला ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि सरांचा डावा तळवा टेबलावर पडला. धप. बरोबर जागेवर. तिने शेवटची दोन अक्षरं वाजवली आणि सरांच्या तोंडून घोगरा, पण स्पष्ट आवाज आला, "ॲस्…"

धाकटी किंचाळलीच. आई पळत आली. पुन्हा टिक टिक टिक, पुन्हा धप. संध्याकाळपर्यंत अख्खा शब्द आला, शेपटासकट, मधला 'अल' गिळून: "एन्थुझिॲस्टिकली." आईने कपाळाला हात लावला. "अगं बाई, पाणी मागता येईना आणि हे बघ काय बोलतात!" असं म्हणून ती हसायला लागली आणि हसता हसता पलंगाच्या कडेवर बसून रडली.

बोलबाईनेही ते मोकळेपणाने मान्य केलं. ठेक्याने वाचा मोकळी होते, तिने असे पेशंट पाहिले होते. "पण रोजच्या कामाचे शब्द घ्या हं," ती जाताना म्हणाली. कोण ऐकतंय! घरात नुसती दिवाळी होती. ऑटोमॅटिकली आला, इमीजिएटली आला, मेकॅनिकली आला. थोरल्याचा फोन आला तेव्हा सर म्हणाले, "ओकेजनली." तो वर्षातून एकदा उगवतो, तेव्हा नाव अगदी चपखल बसलं. आई पोट धरून हसली. मग प्रत्येक शब्दाचा घरच्यांनी अर्थच लावून टाकला. इमीजिएटली म्हणजे पाणी. अनफॉर्च्युनेटली म्हणजे बोलबाई आली. आणि एन्थुझिॲस्टिकली म्हणजे स्वारी खुशीत आहे. सरांना विचारलं होतं का कुणी? नाही. पण घर पुन्हा बोलतं झालं होतं, मग कोण विचारणार!

थोरला आला. त्याने सरांचं बोलणं फोनवर टिपून जुन्या विद्यार्थ्यांना पाठवलं, आणि मग त्यांची रीघ लागली. पिकल्या केसांचे कारकून, निवृत्त नर्सा. पलंगाभोवती उभं राहून सगळे टेबल बडवायचे, सर जोरावर तळवा टाकायचे, शब्द बाहेर पडायचा आणि टाळ्या. खालच्या दुकानात आता जुन्या दुकानदाराचा मुलगा बसतो. तोही एकदा वर येऊन टाळ्या वाजवून गेला.

धाकटीही वाजवायची टाळ्या. पण तिचं मन भरत नव्हतं. सर तो शब्द सगळ्यांना सारखाच देत होते. तिला, थोरल्याला, दुधवाल्याला. ठेका कुणीही धरावा आणि शब्द कुणीही घेऊन जावा. तिला एक शब्द हवा होता, सरांचा स्वतःचा, कुणी वाजवून न काढलेला, तिच्याशी बोललेला. मग तो कसाही असो, शिवी असली तरी चालेल. तो ऐकल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. तिकडे रजा संपत आली होती आणि मालकीणबाईंचे फोन येत होते. ती टाळत होती.

मग एके सकाळी ते घडलं. स्वयंपाकघरात आई, धाकटी आणि भेटायला आलेली एक जुनी विद्यार्थिनी, अशा तिघी चहा घेत होत्या. थोरला फिरायला बाहेर गेला होता. सर पुढच्या खोलीत चाकाच्या खुर्चीत बसले होते. तिकडून आवाज आला, "एन्थुझिॲस्टिकली!"

"आज स्वारी खुशीत दिसते," आई म्हणाली.

पुन्हा आवाज आला, आधीपेक्षा मोठा. विद्यार्थिनीने हसून इकडूनच टेबलावर ठेका धरला. टिक टिक टिक धप टिक टिक. तिसऱ्यांदा आला, चौथ्यांदा आला. तिघी हसत होत्या. "अहो, पुरे आता, शेजारी येतील!" आईने ओरडून सांगितलं. धाकटीने कप विसळला, पुसला, जागेवर ठेवला आणि मग सहज बाहेर डोकावली.

सरांचा डावा पाय खुर्चीचं चाक आणि पलंगाचा खूर यांच्यामध्ये अडकला होता. घोटा सोलवटून निघाला होता. ते चांगल्या हाताने चाक ढकलत होते आणि ते ढकललं जात नव्हतं. चेहरा घामाने आणि डोळ्यांतल्या पाण्याने ओला झालेला. तिला बघून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं आणि त्यांच्यापाशी जो होता तोच शब्द पुन्हा बाहेर आला, सगळी अक्षरं जागच्या जागी, जोर 'ॲस'वर.

तिने खुर्ची ओढली, पाय मोकळा केला. जखम धुतली, पट्टी बांधली. आई दारात उभी होती, पदर तोंडाशी घेऊन. "आपण हसत होतो गं," ती एवढंच म्हणाली. विद्यार्थिनी कधी निघून गेली ते कुणाला कळलं नाही.

"बंद," धाकटी म्हणाली. "आजपासून या घरात टेबल वाजवायचं नाही."

थोरला चिडला. "वेडी आहेस का? एवढं मिळालंय ते घालवणार?"

"काय मिळालंय, दादा? माणूस ठणाणा ओरडत होता आणि आम्ही त्याला ताल देत होतो!"

बोलबाईने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, पण बोलली स्पष्ट. "ठेका वाईट नाही हो. ठेका म्हणजे कुबडी. तुम्ही सगळे मिळून कुबडीचंच कौतुक करत बसलात." मग तिने पुन्हा ती चित्रं काढली. कप. घर. पाणी. या वेळी सरांनी तोंड फिरवलं नाही. ते बघत राहिले, ओठ हलवत राहिले. पण काही आलं नाही. लांब शब्दही बंद झाले आणि लहान येईनात. थोरला परत गेला, विद्यार्थ्यांची वर्दळ थांबली, आणि घर एवढं शांत झालं की खालच्या दुकानाचं शटर उघडलेलं वर ऐकू यायचं.

धाकटी रोज त्यांच्यासमोर बसायची. ठेका नाही, टाळ्या नाहीत. "सर, पाणी." त्यांचे ओठ जुळायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, आणि मग मान खाली जायची. तिला आतून खात होतं. होतं तेवढंही आपण काढून घेतलं की काय, असं वाटायचं. त्यांच्या घरात ज्या शब्दांना कुणी उभं केलं नाही, तेच आता उंबऱ्यावर अडून बसले होते. लांब शब्दाला निदान चाल असते, मागे ओढायला शेपटं असतात. 'पाणी'ला काय आहे? धरायला जागाच नाही.

मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा ती सरांपाशीच बसलेली होती. या वेळी तिने तो उचलला.

"सोमवारी येतेस की नाही तेवढं सांग बाई," मालकीणबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकं तुझं नाव काढतात. माझ्याच्याने त्यांची नाकं सांभाळवत नाहीत."

"नाही येत," धाकटी म्हणाली. "दुसरं कुणी बघा. मी आता इथेच राहणार."

"कायमची?"

"हो. सरांना सोडून कशी येऊ?"

"नीट विचार कर. रागात, रडण्यात ठरवू नकोस. मी संध्याकाळपर्यंत थांबते," असं म्हणून मालकीणबाईंनी फोन ठेवला.

तिने मान वर केली तेव्हा सर तिच्याकडे बघत होते. बघणं वेगळं होतं. वर्गात कुणी अभ्यास न करता आलं की असं बघायचे ते. त्यांनी डावा हात उचलला आणि टेबलावर आपटला. त्यात ठेका नव्हता. नुसता राग होता. पुन्हा आपटला. पाण्याचा पेला लवंडला.

"काय झालं सर? पाय दुखतोय का?"

त्यांनी मान हलवली. जोरजोरात. नाही, नाही.

"पाणी हवंय?"

पुन्हा नाही. त्यांनी तिच्या हातातल्या फोनकडे बोट केलं. ओठ उघडले, मिटले. गळ्यात काहीतरी घरघरलं. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात थबकली आणि धाकटीने तिला हाताने थांबवलं. ठेका धरावा म्हणून तिची बोटं शिवशिवत होती. तिने ती घट्ट मुठीत धरली.

सरांनी डोळे मिटले. सगळा चेहरा गोळा केला.

"जा," ते म्हणाले.

एवढंसं अक्षर. ना शेपूट, ना चाल. कुणीही वाजवून दिलेलं नाही. धाकटीला हवा होता तो शब्द मिळाला होता आणि तो तिला घरातून घालवायला निघाला होता.

"नाही जाणार," ती रडत म्हणाली. "तुम्हाला असं टाकून मी कुठेही जाणार नाही."

त्यांनी डोळे उघडले. ते अजून थांबलेले नव्हते. हात पुढे करून त्यांनी तिचं मनगट धरलं, आणि किती वेळ गेला कोण जाणे, ओठ रुंदावले, हनुवटी कापली, आणि बापाने लेकीला आयुष्यात जे कधी म्हटलं नव्हतं ते पुरं केलं.

"जा… ये."

दारात आईने मोठ्याने हुंदका दिला. निघणाऱ्या माणसाला कुठल्याही घरात म्हणतात तेच होतं ते, अगदी साधं. धाकटी बस धरायला निघाली होती त्या सकाळी या घरात ते म्हणायचं राहून गेलं होतं. जाऊन ये. ती त्यांच्या हातावर कपाळ टेकून पोटभर रडली, आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, वेडावाकडा, कुठल्याच तालात नसलेला.

मग तिने डोळे पुसले, सांडलेलं पाणी पुसलं आणि मालकीणबाईंना फोन लावला. "सोमवारी येते," ती म्हणाली. "आणि दर महिन्याला मला चार दिवस सुट्टी लागेल, आत्ताच सांगून ठेवते. वडिलांनी बोलावलंय."